हौस: शब्द अरबी, फेडायची रीत आपली

तापीकाठ

नमस्कार मंडळी.

अमळनेर तालुक्यात नववी-दहावीला मराठी शिकवतो. 'हौसेला मोल नाही' ही म्हण वर्गात निघाली आणि एका मुलीने विचारलं, "सर, हिंदी बातम्यांत हवस म्हणतात ती आणि आपली हौस एकच का?" प्रश्न मला फार आवडला. थोडक्यात उत्तर तेव्हाच दिलं, पण हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही, म्हणून इथे मांडतो.

शब्द एकच आहे. अरबीत 'हवस' म्हणजे खूळ, झपाटलेपण, डोक्यात भरलेलं वेड. फारसीत गेल्यावर त्याला इच्छा, लहर, वासना असे अर्थ आले. उर्दू-हिंदीत त्यातला लोभ आणि वासना तेवढी उरली. आज हिंदी वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा शब्द दिसला की बातमी बहुधा गुन्ह्याचीच असते. मराठीत आला तेव्हा आधी उच्चार बदलला. ही आपल्या जिभेची जुनीच सवय: चवदा-चौदा, चवथा-चौथा, गवळण-गौळण, तसंच हवस-हौस. खेड्यात तर 'हाऊस'. अहिराणी बोलणारी आजी नातीला विचारते, "तुनी हाऊस फिटनी का?" त्या आजीच्या तोंडी या शब्दाला वासनेचा वासही नाही.

अर्थ एवढा धुऊन कसा निघाला? मला वाटतं, उत्तर क्रियापदांत आहे. उर्दूत हवस 'मिटवतात', 'बुझवतात', म्हणजे ती आग आहे, विझवून टाकायची. आपण हौस 'फेडतो'. मराठीत आणखी काय काय फेडतात बघा: कर्ज, नवस, पांग, उपकार. हौस या रांगेत बसते. आईची तीर्थाला जायची हौस मुलाने फेडली, असं म्हणतो तेव्हा हौस आईची असते आणि फेडणारा मुलगा. म्हणजे एकाची हौस दुसऱ्यावरचं देणं होते. दुसरं क्रियापद 'पुरवणे'. लाड पुरवतात, हट्ट पुरवतात, डोहाळे पुरवतात आणि हौस पुरवतात. इथेही पुरवणारा दुसराच कोणी. मूळ शब्दात एकट्याचं झपाटलेपण होतं, मराठीने त्याला घरातल्या माणसांचं काम करून टाकलं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या गावी, तुमच्या घरी हा शब्द कशाकशासाठी वापरतात ते लिहा. विशेषतः अहिराणी, लेवा, गुजर, पावरी बोलणाऱ्यांनी.

बऱ्हाणपूरकर

सर, धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर मराठी, गाव मध्य प्रदेशात, बाजार हिंदी-उर्दूचा. त्यामुळे हे दोन्ही शब्द रोज कानावर. घरात "पोराला गाडीची हौस आहे" म्हणणारा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना 'शौक' म्हणतो. 'हवस' कधीच म्हणणार नाही. मोठ्यांसमोर तो शब्द उच्चारायचाच नाही, हे लहानपणीच समजतं, कोणी शिकवावं लागत नाही.

शब्द इकडे आला कसा, तर त्याला खान्देशचा इतिहास पुरेसा आहे. फारुकी सुलतान इथे १३८२ ते १६०१ राज्य करत होते. पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर, मग आमचं बऱ्हाणपूर. थाळनेरला त्यांची थडगी आजही उभी आहेत, शिरपूरहून जवळच, बघितली नसतील तर नक्की बघा. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला; शाहजादा दानियालच्या नावाने त्याला काही काळ 'दानदेश' म्हणत. दफ्तर फारसीत, फौजेची बोली फारसी मिसळलेली, आणि बाजार दोघांच्या मध्ये. इथल्या शेतकऱ्याला, साळ्याला, सोनाराला सरकारी माणसाशी बोलायचं तर ते शब्द घ्यावेच लागले.

आणि मोठी गंमत 'मौज' शब्दाची आहे. अरबीत मौज म्हणजे लाट. फारसी-उर्दूतून येता येता मनाची लाट, मग आनंद. आपण दोन्ही जोडून 'हौसमौज' केलं. हुंड्या-वरातीपासून बारशापर्यंत सगळीकडे वापरतो, दोन्ही तुकडे अरबी आणि जोडशब्द अस्सल मराठी.

सातपुडा

मला वाटायचं हा शब्द 'हवा'वरून आला असेल. डोक्यात हवा जाते तशी हवस. जाणकारांनी सांगावं.

कोशवाचक

सातपुडा भाऊ, नाही. अरबीत शब्दाचं कूळ तीन व्यंजनांवरून ठरतं. हवस मधलं शेवटचं व्यंजन 'स' मुळातलंच आहे. वाऱ्याची 'हवा' आणि इच्छेच्या अर्थाची 'हवा' (अरबीत तसाही शब्द आहे) यांत ते नाही. ऐकायला जवळचे, पण घराणी वेगळी.

तसाच एक गैरसमज 'हौसला'चा. हौस वाढली की हौसला येतो, असं भाषणात ऐकलंय मी. हौसला हा शब्द अरबी 'हौसला'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ पक्ष्याच्या गळ्याखालची धान्य साठवायची पिशवी! पिशवीत किती मावतं त्यावरून कुवत, कुवतीवरून हिंमत. त्यातला 'ह' आणि 'स' दोन्ही अरबीत वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीत ती अक्षरं एकच होतात म्हणून आपल्याला नातं दिसतं.

याच शेजारचे आणखी काही, विषय निघालाच आहे तर:

'शौक' अरबी, मूळ अर्थ ओढ, विरहातली तळमळ. 'जोश' फारसी, उकळी. 'उमेद' फारसी, आशा. त्यावरून उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. 'मजा' फारसी, चव. 'उत्साह' आपला संस्कृत, 'सह' धातूचा, ज्यात सोसणं आणि मात करणं दोन्ही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव आहे. म्हणून उत्साहाला कणखरपणाची बाजू आहे. हौसेला ती नाही. उत्साहाने माणूस धरण बांधेल, हौसेने अंगण सारवून रांगोळी काढेल. रांगोळी मला धरणापेक्षा कमी वाटत नाही, हेही सांगून ठेवतो.

ज्यांना या वाटेने पुढे जायचं आहे त्यांनी माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश जरूर चाळावा. आपण दिवसभर किती फारसी बोलतो ते पान उलटता उलटता कळतं.

शहादेकर

माझा मुद्दा घोड्यांचा. शहादा तालुक्यातलं सारंगखेडा, दत्तजयंतीची यात्रा, एकमुखी दत्त आणि घोडेबाजार. लहानपणापासून वडिलांबरोबर बाजारात फिरतोय. तिथे हौस, शौक, नाद आणि व्यापार हे चार शब्द माणसं कसे वेगळे ठेवतात ते बघण्यासारखं आहे.

'नाद' म्हणजे शेत गहाण पडलं तरी घोडं सोडायचं नाही. बायको म्हणते, "यांले घोडानं याड लागेल शे." 'शौक' म्हणजे पैसा आहे, ऐट आहे, दारात चार जनावरं बांधलेली दिसली पाहिजेत. 'हौस' वेगळी. हौशी माणूस एकच घोडी घेतो. गावातल्या कोणाच्याही लग्नाला नवरदेव तिच्यावर बसवून देतो आणि पैसे घेत नाही. दिले तर चाऱ्यापुरते. सरांनी म्हटलं तसं, हौस दुसऱ्याच्या कामी येते.

घेणारा कसा बघतो सांगू? आधी लांबून उभी घोडी बघतो, मग चालवून बघतो. रवाल चाल असेल तर वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही, असं जुने लोक सांगतात. मग दात. मग अंगावरचे भोवरे, कारण कोणता केसांचा भोवरा कुठे आहे यावर शुभ-अशुभ ठरतं आणि किंमत निम्म्याने पडू शकते. मानेवर देवमण असेल तर मालक आपण होऊन केस बाजूला करून दाखवतो. हे सगळं न बोलता चालतं. भाव सांगायची वेळ आली की दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटांनी बोलतात.

आणि शब्दांचं म्हणाल तर अख्खा बाजार फारसी-अरबी आहे. लगाम, जीन, नाल, रिकीब. रंगांची नावं बघा: अबलख, कुमैत, मुश्की. 'नुकरा' म्हणजे फारसीत चांदी, म्हणून पांढरा घोडा नुकरा. हौस हा शब्द याच वाटेने, घोड्यांच्या टापांबरोबर आला असला पाहिजे असं मला तिथे उभं राहिलं की वाटतं.

पऱ्हाटी

शहादेकर दादा, सुंदर लिहिलंत. हौसे-नवसे-गवसे तिन्ही एकाच यात्रेत भेटतात ते सारंगखेड्यालाच.

गिरणाई

सर्वांचं वाचलं. सरांच्या क्रियापदांच्या मुद्द्याला माझा एक विरोध आहे, आणि तो मनापासून आहे.

हौस 'फेडायची' असते, ती दुसऱ्यावरचं देणं असते, हे अगदी खरं. पण ते देणं कोणावर येऊन पडतं? आमच्याकडे लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाकडचे मोठे काय बोलतात ते मी कित्येकदा ऐकलंय: "आम्हाला काही नको बुवा, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या." या एका वाक्यानंतर मुलीचा बाप रात्रभर झोपत नाही. आकडा सांगितला असता तर निदान हो-नाही करता आलं असतं. 'हौसेनं' म्हटल्यावर कमी दिलं की बापाचं प्रेम कमी पडलं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. त्यात न मागता दिलेल्या भेटी हुंडा धरत नाहीत, त्यांची यादी करून ठेवायची असते. हौस हा शब्द बरोबर त्या फटीत बसवलेला आहे. मागणी झालीच नाही, सगळं हौसेने!

मी स्वतः हे पाहिलं आहे. माझ्या लग्नात सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी मांडवात सर्वांसमोर म्हटलं, "लोकांनी हौस केली नाही." माझ्या वडिलांनी त्या वर्षीचा सगळा कापूस त्या लग्नात घातला होता. ते काही बोलले नाहीत, पंगतीत वाढत राहिले. त्या दिवसापासून 'हौस केली नाही' हे तीन शब्द मला टोचतात.

म्हणून म्हणते, अर्थ धुऊन निघाला हे पूर्ण खरं नाही. हिंदीने वासना हवस म्हणूनच ठेवली, ती निदान उघडी दिसते. आपण लोभाला हौसेचं नेसू नेसवलं.

कोशवाचक

गिरणाई ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही जे लिहिलंत ते शब्दकोशात सापडत नाही आणि सापडायला हवं.

तापीकाठ

ताई, तुमचा मुद्दा या धाग्याला हवाच होता. मी त्यात एवढंच जोडतो की तुमच्या वाक्यातली हौस मुळात मुलीच्या बापाची म्हणवली जाते, पण ठरवतो समोरचा. माणसं या शब्दाचा मान ठेवतात म्हणून तो असा वापरता येतो. 'लोभापायी द्या' असं कोणी म्हणू शकत नाही. नववीच्या मुलींसमोर हे वाक्य मी ठेवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. त्यांच्या घरी उद्या ते बोललं जाईल तेव्हा त्यांना ते ओळखता आलं पाहिजे.

गिरणाई

हरकत कसली सर, जरूर ठेवा. मुलांसमोरही ठेवा, फक्त मुलींसमोर नको.

नवापूरचा

आमच्या बाजूला गुजरातीचा शेजार. गुजरातीत 'होंश' आहे. 'होंशे होंशे' म्हणजे अगदी हौसेहौसेने. "होंशे होंशे जमाड्या" म्हणजे प्रेमाने जेवू घातलं. सरांचा मुद्दा तिथेही लागू पडतो, एकट्याने होंश होत नाही. याचा 'होश ठिकाणावर असणे' मधल्या होशशी गोंधळ करू नये. तो फारसी, म्हणजे शुद्ध, भान.

पऱ्हाटी

आता माझ्या घरातलं सांगते. आखाजीला (अक्षय्य तृतीया, बाहेरच्यांसाठी) खान्देशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी होतात, आणि जेवायला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, म्हणजेच मांडे.

मांडे हा एकटीने, घाईत, जमेल तसा करायचा पदार्थच नाही. कणीक मिठाच्या पाण्याचा हात लावत लावत इतकी तिंबायची की लोळी उचलली तर न तुटता लांब होत गेली पाहिजे. पुरण पाट्यावर वाटून लोण्यासारखं मऊ. पोळी आधी पोळपाटावर थोडी लाटायची, मग हातावर घ्यायची. इथून पुढे लाटणं नाही. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, तिच्याच वजनाने ती पसरत जाते. पलीकडचं दिसेल इतकी पातळ झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. पुरण बाहेर आलं किंवा कड जाड राहिली, की बघणाऱ्या दहा बायका जागच्या जागी सांगतात. चुलीची आच सांभाळायला एक, लोळ्या करायला एक, घडी घालायला एक. आमच्या गल्लीत माझ्या मोठ्या काकू हे करतात. आजकाल मांडे विकत मिळतात, करून देणाऱ्या बायका बोलावता येतात, पैसेही फार नाहीत. काकूंचं वय झालंय, हाताला आच लागते. सुना म्हणतात मागवू या. काकू म्हणतात, "पोरी येतीन, त्यासले मना हातना मांडा लागतस."

ही हौस कोणाची? काकूंची की माहेरी येणाऱ्या पोरींची? मला वेगळं काढता येत नाही. फेडणारी कोण आणि फेडून घेणारी कोण, तेही सांगता येत नाही. गिरणाई ताईंचं दुःख खरं आहे, पण ही बाजूही तेवढीच खरी आहे म्हणून लिहिलं.

भरिताचंही तसंच. हिवाळ्यात शेतात पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून, बडगीत (लाकडी उखळीत) हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात. दोघांपुरतं भरीत घरी गॅसवर होतं, पण त्याला कोणी भरीत पार्टी म्हणत नाही. मंडळी लागतात.

सुवर्णनगरी

मांडे वाचून भूक लागली. जळगावला कुठे मिळतील ते विचारणार नाही, काकूंचा पत्ताच द्या!

पडदा_उघडा

जळगावला नाटक करणाऱ्यांपैकी मी एक. 'हौशी' शब्दावर कोणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहितो.

शासनाच्या स्पर्धेचं नावच 'महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा'. जळगाव केंद्रावर आम्ही त्यात उतरतो. दिवसा नोकरी, रात्री तालीम, नेपथ्य स्वतः ठोकायचं, कपडे घरून आणायचे. तरी "हौशी आहे हो" असं म्हणताना लोकांच्या आवाजात थोडं 'कच्चं' असं असतं. इंग्रजीत याच अर्थाने 'अ‍ॅमॅच्युअर' म्हणतात, त्याचं मूळ लॅटिनमधल्या प्रेम करण्याच्या धातूत आहे. प्रेमापोटी करणारा तो. तिकडेही पुढे त्याला कच्चेपणाचा अर्थ चिकटला. पैशासाठी न करणारा म्हणजे नीट न करणारा, ही समजूत सगळीकडे सारखी दिसते आणि मला ती मान्य नाही. दहाव्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे म्हणून महिनाभर श्वासावर काम करणारी हौशी पोरं मी पाहिली आहेत.

बेळगावची_लेक

पडदा_उघडा, तुमच्या पोस्टवरून आठवलं. माझं माहेर बेळगाव, सासर धुळे. मराठीत 'हव्यास' म्हणजे वाईट, सत्तेचा हव्यास, पैशाचा हव्यास. कन्नडमध्ये 'हव्यास' म्हणजे चक्क छंद! शाळेच्या फॉर्मवर छंदाच्या रकान्यात हव्यास लिहिलेलं असतं. आणि हौशी रंगभूमीला कन्नडमध्ये 'हव्यासी रंगभूमी' म्हणतात. लग्नानंतर सुरुवातीला मी सासऱ्यांच्या बागकामाबद्दल बोलताना हव्यास म्हटलं तर सगळे गप्प झाले होते. मग सासऱ्यांनीच विचारून घेतलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की पाहुण्यांना अजून सांगतात.

कोशवाचक

वा! म्हणजे वासना-लोभाची जागा उर्दूत हवसने घेतली, आपल्याकडे हव्यास आणि हाव यांनी. ती जागा आधीच भरलेली असल्यामुळे हौस मोकळी राहिली असेल काय? भाषेत एकाच अर्थावर दोन-तीन शब्द बसले की त्यातला एखादा सरकतो. हा माझा तर्क आहे, पण बेळगावच्या ताईंच्या उदाहरणाने तो पक्का होतोय, कारण कन्नडमध्ये हव्यास मोकळा राहिला आणि तिथे तोच गोड झाला.

सातपुडा

इंग्रजी 'एन्थुझिअ‍ॅझम'चं मूळ काय?

कोशवाचक

ग्रीक. 'एन्' म्हणजे आत, 'थिऑस' म्हणजे देव. ज्याच्या आत देव शिरला आहे तो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरत. आपल्याला देवाचा साक्षात्कार झाला असं सांगत फिरणाऱ्या धर्मवेड्या लोकांना तसं म्हणायचे. चांगला अर्थ नंतर आला. वेड, मग आवड, मग गुण, असा प्रवास तिथेही झाला. आपल्याकडे 'वेड' शब्दाचं बघा, क्रिकेटचं वेड, वाचनवेडा. 'छंद'ही संस्कृतात इच्छा, मनाची मर्जी, आणि कवितेचं वृत्तही.

पांझरा

कोशवाचक दादा, देव आत शिरणं वाचलं आणि आमची कानबाई देवी डोळ्यासमोर आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंद कुठेही नोकरीला असोत, रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, मूळ गावी येतात. रात्रभर गाणी. मध्येच एखाद्या बाईच्या अंगात वारं येतं, आणि सकाळी नदीवर विसर्जनाला निघताना डफ वाजायला लागला की वारं नसलेल्याही नाचतात. यातल्या पहिलीला कोणी हौशी म्हणत नाही, दुसऱ्यांना म्हणतात. "काय हौसेनं नाचनी व माय!" देव आत आला ते वेगळं आणि देवासमोर आपण होऊन नाचलो ते वेगळं, हा फरक आमच्या बायकांना बरोबर कळतो. ग्रीकांनी एकाच शब्दात दोन्ही घातलं.

बऱ्हाणपूरकर

नावांचंही बघा. हौसाबाई, हौशीराम. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई (१९२६–२०२१) स्वातंत्र्यलढ्यात होत्या. आमच्या गावातल्या उर्दू बोलणाऱ्या मित्राला हे नाव सांगून त्याचं मूळ सांगितलं, तो कितीतरी वेळ मानायलाच तयार नव्हता. हवस नावाची मुलगी त्याच्या भाषेत असूच शकत नाही. मराठीत मात्र लेक हौसेने हवी होती, म्हणून तिचं नाव हौसा. मुलगी नको म्हणून 'नकुशी' ठेवणाऱ्या याच मुलखात.

गिरणाई

हे नाव माझ्या आजीचं होतं. त्याचा असा विचार कधी केला नव्हता. धन्यवाद भाऊ.

शहादेकर

सर, एक शंका. तुम्ही 'फेडणे' आणि 'पुरवणे' धरलंत. पण आपण हौस 'भागवतो'ही. तहान भागते, भूक भागते. ते तर उर्दूच्या 'बुझवणे'च्या जवळ गेलं. आणि 'जिरते'सुद्धा. "जा, घे घोडं, हौस जिरेल तुझी." ते कुठे बसवायचं?

तापीकाठ

अगदी बरोबर पकडलंत. मीही यावर विचार करत होतो. मला असं दिसतंय:

हौस 'भागते' ती स्वतःची. मला सिनेमाची हौस होती, शहरात राहून भागली. दुसरा कोणी मध्ये नाही. हा अर्थ फारसीच्या जवळचा, जुना थर म्हणा हवं तर. हौस 'जिरते' ती अंगलट आलेली. मस्ती जिरते, खोड जिरते, त्या रांगेतली. हौस 'मारतात' ती मुख्यतः बायका, मन मारतात तशी. ताईंच्या पोस्टनंतर हे लिहिताना हात थबकतो. आणि 'फिटते', 'फेडतात', 'पुरवतात', 'करतात' या चारांत दुसरा माणूस हजर असतो. 'सुनेची हौस केली' हे वाक्य उर्दूत जसंच्या तसं नेता येणार नाही, शब्द तोच घेतला तर अनर्थ होईल.

शिवाय नकारात लावून बघा. "मला काय हौस आलीय उन्हात हिंडायची?" कष्टाच्या वेळी आपण हाच शब्द काढतो. म्हणजे हौसेचं काम आणि पोटासाठीचं काम यांत रेघ कुठे आहे, हे बोलणाऱ्याला नेमकं माहीत असतं. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून वेचते, त्याला कोणी हौस म्हणणार नाही. तीच बाई संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला पोरींना गोळा करते, ती हौस.

पऱ्हाटी

आणि भुलाबाईला खाऊ ओळखायचा असतो! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज कोणाच्या तरी घरी. डबा वाजवून पोरी ओळखतात आत काय आहे. आमच्याकडे एका आजी मुद्दाम ओळखू न येणारं काहीतरी करायच्या, आणि पोरी हरल्या की त्यांनाच सगळ्यात जास्त आनंद.

नवापूरचा

सर, तुमच्या यादीत 'हौस दांडगी' घाला. पैसा नाही, ताकद नाही, पण हौस दांडगी. आमच्या मामांची बैलगाडी तशीच होती. बैल दोन्ही म्हातारे, शिंगांना मात्र पोळ्याला दरवर्षी नवा रंग आणि गोंडे.

तापीकाठ

घातलं. 'दांडगी' हे विशेषण हौसेला लागतं तसं उमेदीलाही लागतं, पण शौकाला लागत नाही, हे आता लक्षात आलं. उद्या वर्गात मुलांना एवढंच काम देतो: घरी जो सर्वांत मोठा माणूस असेल त्याला विचारा, तुमची कोणती हौस कोणी फेडली, आणि तुम्ही कोणाची. उत्तरं आली की इथे टाकेन, नावं न घालता. अहिराणीत आली तर तशीच ठेवेन.